गोळ्या दोनच्या एक झाल्या, साक्षीत मात्र बंद झाल्या

प्रश्न : प्रिय ताई, जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातली, वय ४१, मिस्टर साखर कारखान्यात आहेत. मला चार वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी उपवास प्रार्थनेत पाळक साहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्याच सुमारास मी रोज चालायला पण लागले होते, चहातली साखर सोडली होती. तीन महिन्यांनी तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) नऊवरून सातवर आली आणि डॉक्टरांनी दोन गोळ्यांची एक केली. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, गोळ्या बंद झाल्या म्हणून. सगळे हालेलुया म्हणाले, मग मला माघार घेता आली नाही. त्यानंतर चार गावच्या मीटिंगमध्ये तीच साक्ष द्यायला लावली, व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर फिरतोय. गोळी मी अजून घेते, पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवते. आता कळलं की आमच्या मंडळीतल्या एका काकूंनी माझं ऐकून गोळ्या सोडल्या, चप्पल लागून पायाला जखम झालीय ती भरत नाहीये. मिस्टर म्हणतात झालं ते झालं, आता गप बस. खरं सांगितलं तर प्रभूच्या नावाला बट्टा लागेल, आमच्या भावकीत बाकी कोणी ख्रिस्ती नाही, ते हसतील. काय करू? तुमची एक बहीण.

प्रिय बहिणी, जय ख्रिस्त.

पुढचं नंतर वाच, आधी काकूंच्या घरी जा. आजच जा, रविवारची वाट बघू नको, पाळक साहेबांना विचारू आणि मग जाऊ असंही करू नको. मी ३४ वर्षं मिशन हॉस्पिटलमध्ये सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात गेली, शुगरवाल्या पेशंटच्या पायाची जखम काय असते ते मी रोज सकाळी पट्टी सोडताना बघितलंय. बऱ्याचदा ती दुखतच नाही. माणूस म्हणतो दुखत नाही म्हणजे काही विशेष नसेल, पण शुगरने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात म्हणून दुखत नाही, आणि आत पू होत राहतो. अंगठा काळा पडून मग आलेले लोक मी बघितलेत, त्यांच्या बायका दाराशी उभ्या राहून विचारायच्या, सिस्टर पाय राहील ना. सगळ्यांचा राहिला नाही.

तर जाताना पिठाच्या डब्यामागची ती स्ट्रिप सोबत घे. काकूंच्या हातात दे आणि सांग, काकू मी खोटं बोलले, माझी गोळी चालू आहे, ही बघा, आज सकाळी पण घेतली. एवढंच. लांबण लावू नको, तिथे रडत बसू नको, नाहीतर काकूच तुझी समजूत काढत बसतील आणि त्यांचा पाय राहील बाजूला. तुझी गोळी त्यांना देऊ नको, त्यांची जुनी गोळी त्यांनी मनाने परत सुरू करायला पण नको, एवढे दिवस बंद होती तर किती घ्यायची ते डॉक्टर शुगर बघून ठरवतील. त्यांना रिक्षात बसव आणि डॉक्टरकडे ने, जखम उघडून दाखव, काकू म्हणतील साधी आहे, तरी दाखव. उलट्या होत असतील, श्वास जोरजोरात चालला असेल, गुंगी वाटत असेल किंवा जखमेच्या वर पाय लाल आणि गरम लागत असेल तर सकाळची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला.

झालं? आता बसून बोलू.

तू लिहिलंयस की तोंडातून निघून गेलं. मी विश्वास ठेवते त्यावर. तू ठरवून फसवायला उभी राहिली नव्हतीस. आनंद होता, खराच होता, नऊवरून सात म्हणजे लहान गोष्ट नाही, त्यामागे प्रार्थना होती, तुझं पहाटेचं चालणं होतं, गोळ्या होत्या. पण उभं राहिल्यावर समोर शंभर डोळे, कोणीतरी आधीच आमेन म्हणतंय, आणि दोनची एक झाली हे वाक्य तुला एकदम छोटं वाटलं असणार, एवढ्या मोठ्या देवाला एवढीशी साक्ष कशी द्यायची, म्हणून तू ती थोडी ओढली. हो ना? मी असंच समजते, कारण तशी ओढलेली वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि एखाददोन वेळा माझ्या तोंडून पण निघालीयत.

पण बेथसैद्याचा आंधळा आठव, मार्कच्या आठव्या अध्यायातला. मला शुभवर्तमानातला तो माणूस फार आवडतो आणि त्याच्यावर प्रवचन फार कमी होतं. येशू त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्याला थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? आता विचार कर, स्वतः प्रभू समोर उभा आहे, त्याने हात ठेवलाय, अशा वेळी कोण म्हणेल की अर्धवटच दिसतंय? आपण तर घाईघाईने म्हणालो असतो, दिसतंय प्रभू, सगळं स्पष्ट दिसतंय, हालेलुया. तो माणूस म्हणाला, माणसं दिसतात पण चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. येशू त्याच्यावर रागावला नाही, तुझा विश्वास कमी पडला म्हणाला नाही, त्याने परत हात ठेवला, आणि मग त्याला नीट दिसायला लागलं. दोनची एक झाली ही तुझी चालणाऱ्या झाडांची साक्ष होती गं. तशीच सांगायची होती. ती छोटी नव्हती.

आणि दुसरं, येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा काय सांगितलं ते पण बघ, लूकच्या पाचव्या अध्यायात आहे. बोभाटा करू नको, आधी जाऊन याजकाला दाखव. मोशेच्या नियमशास्त्रात याजक अंग तपासायचा, डाग बघायचा, मग शुद्ध आहे म्हणून सांगायचा. म्हणजे त्या काळचा रिपोर्टच की तो. ज्याने बरं केलं त्यालाच तपासणीची भीती वाटली नाही, मग आपण का घाबरतो? फ्रान्समध्ये लूर्दला कॅथलिक लोक बरं व्हायला जातात, तिथे तर १८८३ पासून डॉक्टरांचं ऑफिसच आहे, बरं झालं म्हणणाऱ्याची कागदपत्रं वर्षानुवर्षं तपासतात, सात हजारांच्या वर लोकांनी आम्ही बरे झालो म्हणून नोंद केली आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडेसे वर. आपण प्रोटेस्टंट, आपली पद्धत वेगळी, पण एवढी सावधगिरी आपल्यात असती तर तुझा व्हिडिओ तुझा रिपोर्ट न बघता फिरला नसता. ती चूक तुझ्या एकटीची नाही हे मला मंडळीला पण सांगायचंय.

तुझा रिपोर्ट सात आहे म्हणतेस. डायबिटीसची रेघ साडेसहाला असते, त्यामुळे गोळी घेऊन सात म्हणजे कंट्रोल चांगला आहे, आजार गेला असा अर्थ होत नाही. पुढे वजन अजून उतरलं, चालणं टिकलं तर कदाचित ती एक गोळी पण बंद होईल, काहींची होते, डॉक्टर म्हणतील तेव्हा. तोपर्यंत गोळी पिठाच्या डब्यामागून काढ आणि जिथे पाण्याचा तांब्या असतो तिथे उघड ठेव. लपवायला त्यात काय आहे? गोळी घेणं म्हणजे विश्वास नाही हे आपल्यात कोणी घुसवलं ते मला खरंच कळत नाही. प्रेषित पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं तर पौलाने त्याला लिहिलं थोडा द्राक्षारस घेत जा, अजून प्रार्थना कर एवढंच सांगून सोडलं नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी असाच ठेवून पुढे गेला, ज्याच्या हाताने लोक बरे झाले त्या पौलाने, आणि ते पत्रात लिहून पण टाकलं, लपवलं नाही. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, देवाने त्याला १५ वर्षं वाढवून दिली, आणि यशया संदेष्टा म्हणाला अंजिराचा लेप आणून गळवावर लावा. वचन पण आणि लेप पण. आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं ते प्रभूच्याच नावाने ना? मिशन हॉस्पिटलात प्रार्थना करून मग चाकू हातात घ्यायची पद्धत मी स्वतः बघितलीय, दोन्हीतलं एक निवड असं आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही.

आता तू ज्याला सगळ्यात घाबरतेस ते. प्रभूच्या नावाला बट्टा.

ईयोबाच्या तेराव्या अध्यायात दुःखात पडलेला ईयोब त्याच्या मित्रांना विचारतो, तुम्ही देवाची बाजू घ्यायला खोटं बोलणार का? ते मित्र वाईट नव्हते, देवाची बाजू घेत होते, देवाचं नाव राखायचं म्हणून ईयोबाच्या माथी पाप मारत होते, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणून. हे वाचून मला दर वेळी अंगावर काटा येतो. देवाला आपल्या खोट्याचा आधार लागत नाही, आपल्याला वाटतं आपण त्याला सावरतोय.

हनन्या आणि सप्पीरा, प्रेषितांच्या कृत्यांतलं ते नवरा-बायको, त्यांचं पण तसंच. लोकांना वाटतं त्यांनी पैसे ठेवून घेतले म्हणून ते मेले. नाही. पेत्राने हनन्याला स्पष्ट सांगितलं की जमीन तुझी होती, विकल्यावरचे पैसे पण तुझ्याच हातात होते. अर्धे देतो म्हटला असता तर कोणी काही बोललं नसतं. सगळे दिले असं दाखवलं, तिथे घोळ झाला. भीती घालायला नाही सांगत, तू हनन्या नाहीस, तुला झोप लागत नाही, तू मला पत्र लिहिलं. पण बघ, अर्धं आणून ठेवलं असतं तर चाललं असतं. अर्ध्याला प्रेषितांच्या पायाशी जागा होती.

भावकी हसेल म्हणतेस. हसेल दोन दिवस. काकूंचा पाय गेला तर काय म्हणेल याचा विचार केलास का? आणि मला माझ्या अनुभवावरून असं वाटतं की जी बाई चारचौघात म्हणते मी चुकले, तिच्या देवाबद्दल लोक घरी जाऊन विचार करतात. पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणाला ते चारही शुभवर्तमानांत आहे. पहिल्या मंडळीचा एवढा मोठा माणूस, झाकून टाकता आलं असतं, कोणी झाकलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला कोणी सांगितली नसेल म्हणून सांगते. वाढवलेली साक्ष बरं न झालेल्यांना फार लागते. माझे मिस्टर किडनीच्या आजारात गेले, अडीच वर्षं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा. त्या अडीच वर्षांत दर रविवारी मी कोणाची ना कोणाची साक्ष ऐकायचे, कॅन्सर गेला, गाठ विरघळली, डॉक्टर चकित झाले, आणि मी बाकावर बसून हिशोब करायचे की आमची प्रार्थना कुठे कमी पडली. एक बहीण घरी येऊन म्हणाली पण, ताई कुठेतरी अविश्वास असेल, बघा शोधून. मी रात्री मिस्टरांच्या उशाशी बसून माझ्या मनात अविश्वास शोधायचे. त्यांच्या हाताला फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीची, ती थरथर असायची, बोट ठेवलं की कळायची, मी बोट ठेवून बसायचे आणि शोधायचे. नंतर खूप वर्षांनी त्यातल्या एका साक्षवाल्या भावाने मला एकट्यात सांगितलं की त्यांची गाठ ऑपरेशनने काढली होती, साक्षीत ते तेवढं वाक्य गाळायचे. मला राग नाही आला. पण वाटलं, हे वाक्य त्या वेळी ऐकलं असतं तर मी किती रात्री झोपले असते.

म्हणून मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ साली त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या आणि ऐकायला कमी येतं म्हणून ते राहून गेलं. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांनी शिकवलेलं जे मनाला पटत नव्हतं ते पटलं असं कधी म्हटलं नाही, पत्रं लिहून लिहून वाद घातला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, १९०५ साली तिथे असं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी लाट, आलं की लोक अजून बोलतात, शेकडो मुली-बायका रडून प्रार्थना करत होत्या. आणि बाईंचं ऐकू कमी येणं? ते गेलं नाही. पोटची मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली, त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी करणारी बाई, तिचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

बरं, आता करायचं काय ते.

मिस्टरांना सोबत घे. ते गप बस म्हणतात कारण त्यांना तुझी बेअब्रू नकोय, त्यात माया आहे, त्यांना काकूंच्या पायाचं नीट सांग म्हणजे ते येतील. पाळक साहेबांना आधी एकट्यात भेटा, मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, त्यांनी मनापासून प्रार्थना केली होती आणि तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवा. व्हिडिओ काढून टाका म्हणा, आणि ज्या ग्रुपवर गेलाय तिथे तुझ्याच आवाजात एक मिनिटाचा मेसेज टाक, कारण व्हिडिओ डिलीट केला तरी लोकांच्या फोनमध्ये तो राहतो. ज्या चार गावांत गेली होतीस तिथल्या पाळकांना फोन कर. त्या गावांत पण कोणी काकू असतील, आपल्याला माहीत नाही.

पाळक साहेब म्हणू शकतात, एकट्यात कबूल केलंस ना, देवाने क्षमा केली, लोकांपुढे कशाला. तेव्हा नम्रपणे पण ठाम सांग की क्षमा झाली असेल, पण खोटं मी माईकवर बोललेय, ते अजून लोकांच्या घरात फिरतंय. जकातदार जक्कयाच्या घरी स्वतः प्रभू आला, तरी तेवढ्यावर न थांबता तो म्हणाला ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो. आणि एवढं करून पण ते नको म्हणाले तर साक्षीच्या वेळेला तू उभी राहा. साक्ष तुझी होती, दुरुस्त करायचा हक्क पण तुझा आहे.

उभी राहशील तेव्हा साधारण असं बोल : मागच्या वर्षी मी सांगितलं होतं की माझ्या गोळ्या बंद झाल्या. ते खरं नव्हतं. दोनची एक झाली, ती मी रोज घेते. प्रार्थनेबद्दल मी देवाचे आभार मानते आणि डॉक्टरांचे पण. माझं ऐकून कोणी औषध सोडलं असेल तर कृपा करून आज डॉक्टरकडे जा, मला माफ करा. आणि खाली बस. काकूंचं नाव घेऊ नको, त्यांची परवानगी असली तरी नको. आणि एक कळकळीने सांगते, या कबुलीची परत एक मोठी साक्ष करू नको, सैतानाने मला कसं पाडलं आणि प्रभूने कसं उचललं असं करत वीस मिनिटं. लोक परत हालेलुया म्हणतील, तुला परत बरं वाटेल, आणि कोणीतरी परत मोबाईल काढेल. साधं सांग. शांतता झाली तर होऊ दे. ती शांतता जड जाईल तुला, मला माहीत आहे, पण सहन कर.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की थोडं खमीर पिठाचा सगळा गोळा फुगवतं, आणि सण पाळायचा तो सात्त्विकपणा व खरेपणा यांच्या बेखमीर भाकरीने पाळा. वल्हांडणाच्या सणाला सात दिवस घरात खमीर ठेवायचं नाही हा यहुदी लोकांचा नियम, आदल्या रात्री दिवा घेऊन कोपरे शोधतात कुठे खमिराचा तुकडा राहिला का, आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, पण हा सण पाळत आलेत. आपल्या घरात खमीर फार कोणी करत नाही पण विरजण सगळ्या बायकांना माहीत आहे. चमचाभर लावलं की सकाळी अख्खं पातेलं लागतं, मग तो चमचा परत वेगळा काढता येत नाही. तुझं ते एक वाक्य तसं लागलंय चार गावांत, पाचवी मंडळी तुझी. वेगळं काढता येणार नाही, पण पातेलं कशाने लागलं ते सांगता येतं, आणि आज दूध नवीन तापवता येतं. पौल हे बाहेरच्यांना लिहीत नव्हता, मंडळीलाच लिहीत होता, जी स्वतःवर खूश होऊन फुगली होती.

पाळक साहेब, मंडळीचे पंच, महिला मंडळ, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तुम्हाला पण हात जोडून विनंती. साक्ष मागताना कधीतरी असं पण विचारा की कोणाचं अजून बरं झालेलं नाही, कोणाचं अर्धंच झालंय, त्यांनी बोला. मागच्या बाकावरची माणसं उठतील. आणि आजार बरा झाल्याची साक्ष असेल तर माईक देण्याआधी प्रेमाने एकदा विचारा, डॉक्टर काय म्हणाले, औषध चालू आहे का. यात अविश्वास नाही.

बहिणी, तुला राग आला असेल माझा कुठे कुठे तर माफ कर. मी तुझ्यासाठी आणि काकूंसाठी दोघींसाठी रोज सकाळी प्रार्थना करतेय पत्र आल्यापासून. त्यांच्या ड्रेसिंगला कोणी न्यायला नसेल तर तू ने, एक दिवसाआड जावं लागेल, महिना-दोन महिने पण लागू शकतात. मंडळीत बोललीस का, भावकी काय म्हणाली, ते सगळं सावकाश लिही. काकूंची शुगर किती निघाली आणि जखमेबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मात्र आज रात्रीच कळव.

तुझी,
ताई